सोडियम बेंझोएट घालूनही सॉस का फुगतो? उत्तर दडलंय आंबटपणात

मे महिन्यात वरोऱ्यात दुपारी घराबाहेर पडणं नको वाटतं. चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं काही नवं नाही. नेमका हाच काळ कैरीचं लोणचं, पन्हं, लिंबाचं सरबत आणि सॉस करून ठेवण्याचा. घरापुरतं करणाऱ्यांचं एखाद्या बरणीवर भागतं. पण विदर्भात अनेक महिला बचत गट आणि छोटे उद्योजक हेच पदार्थ बाटल्यांत भरून विकतात. तिथे एक बॅच बिघडली, की साहित्य, मेहनत आणि गिऱ्हाईक तिन्ही हातचं जातं.

आता समजा, एकाच दिवशी, एकाच ठिकाणी दोन पदार्थ तयार केले. एक लिंबाचं सरबत, दुसरा पपईचा गर आणि हिरवी मिरची वाटून केलेला सॉस. दोन्हींत सोडियम बेंझोएट हे परिरक्षक काट्यावर मोजून सारख्याच प्रमाणात घातलं. तीन आठवड्यांनी सरबत जसंच्या तसं आहे, सॉसची बाटली मात्र फुगली आहे. झाकण उघडताच फेस बाहेर.

पावडर तीच, प्रमाण तेच. मग एका बाटलीत ती कामाला आली आणि दुसरीत का नाही? याचं उत्तर आहे पदार्थाच्या आंबटपणात.

थोडक्यात सांगायचं तर

• सोडियम बेंझोएट आंबट पदार्थातच नीट काम करतं. पीएच ४ च्या खाली ते जोरात असतं, ५ च्या वर जवळपास निकामी होतं.
• आंबटपणा कमी असेल, तर पावडर वाढवणं हा उपाय नाही. ते कायद्यातही बसत नाही.
• बेंझोएटमुळे बोट्युलिझमसारख्या गंभीर विषबाधेपासून संरक्षण मिळतं, असं समजू नये.
• क जीवनसत्त्व भरपूर असलेल्या पेयांत ते वापरताना वेगळी काळजी घ्यावी लागते.

सोडियम बेंझोएट म्हणजे नेमकं काय?

लोणचं, सॉस, स्क्वॅश किंवा थंड पेयाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘आयएनएस २११’ असा क्रमांक दिसतो. तो सोडियम बेंझोएटचा. हा बेंझोइक आम्लाचा क्षार आहे.

बेंझोइक आम्ल आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. धुपासाठी निखाऱ्यावर टाकतात तो लोबान म्हणजे एका झाडाचा डिंक. या आम्लाला नाव मिळालं ते त्याच डिंकावरून, कारण ते आधी त्यातूनच वेगळं केलं गेलं. क्रॅनबेरीसारख्या फळांत ते नैसर्गिकरीत्या असतं. दह्यातही ते थोड्या प्रमाणात तयार होतं.

मग थेट आम्ल न वापरता त्याचा क्षार का वापरतात? कारण सोपं आहे. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात बेंझोइक आम्ल जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास विरघळतं. सोडियम बेंझोएट मात्र ५०० ग्रॅमहून अधिक विरघळतं. म्हणजे क्षार हे फक्त वाहन आहे. जंतूंशी लढतं ते आम्लच. आणि क्षाराचं पुन्हा आम्ल व्हायला पदार्थ आंबट असावा लागतो. सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

आंबटपणाचा संबंध कुठे येतो?

आंबटपणा मोजायला पीएच ही मोजपट्टी वापरतात. आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. शुद्ध पाण्याचा पीएच ७, लिंबाच्या रसाचा साधारण २ ते २.६. या पट्टीवरचं एक घर म्हणजे दहापट फरक. पीएच ३ चा पदार्थ पीएच ४ च्या पदार्थापेक्षा थोडासा नव्हे, दहापट आम्लधर्मी असतो.

पदार्थात मिसळल्यावर बेंझोएट दोन रूपांत राहतं. एक रूप अखंड आम्लाचं, त्यावर विद्युतभार नसतो. दुसरं रूप तुटलेलं, म्हणजे भारित आयनाचं. यीस्ट किंवा बुरशीच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. भार नसलेलं आम्ल त्यातून सहज आत शिरतं. भारित आयन बहुतांशी बाहेरच अडकतो.

आत शिरलेल्या आम्लाचं पुढे काय होतं? पेशीच्या आतला पीएच ७ च्या जवळपास असतो. तिथे पोहोचताच आम्ल तुटतं आणि हायड्रोजन आयन सोडतं. पेशी आतून आंबट होऊ लागते. हे आयन बाहेर फेकण्यासाठी तिला ऊर्जा खर्च करावी लागते. त्यातच साखर फोडून ऊर्जा मिळवण्याच्या तिच्या प्रक्रियेतही बेंझोएट अडथळा आणतं. खर्च वाढला, मिळकत घटली, अशी पेशीची अवस्था होते. तिची वाढ थांबते.

लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे, बेंझोएट जंतूंना तत्काळ मारून टाकत नाही. ते मुख्यतः त्यांची वाढ रोखून धरतं. आधीच खराब झालेल्या फळाचा गर त्यामुळे चांगला होत नाही.

आकडे काय सांगतात?

बेंझोइक आम्लासाठी ४.२ हा पीएच म्हणजे मधली रेषा. या ठिकाणी निम्मं आम्ल अखंड आणि निम्मं तुटलेलं असतं. पीएच त्याखाली गेला की कामाचं रूप वाढतं, वर गेला की झपाट्याने कमी होतं. रसायनशास्त्राच्या सूत्राने हिशोब केला तर चित्र असं दिसतं:

• पीएच ३.० : सुमारे ९४ टक्के कामाच्या रूपात
• पीएच ३.५ : सुमारे ८३ टक्के
• पीएच ४.० : सुमारे ६१ टक्के
• पीएच ४.५ : सुमारे ३३ टक्के
• पीएच ५.० : सुमारे १४ टक्के
• पीएच ६.० : दीड टक्क्याच्या आसपास

हेच आकडे बाटलीत बघू. एक किलो पदार्थात ६०० मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल आहे, म्हणजे ६०० पीपीएम. पदार्थाचा पीएच ३ असेल, तर त्यातले सुमारे ५६५ मिलिग्रॅम कामाला येतात. पीएच ५ असेल, तर फक्त ८२. आणि पीएच ६ असेल, तर जेमतेम ९. बाकीचं परिरक्षक बाटलीत असतं, लेबलवर असतं, पण कामाला नसतं.

लिंबाचं सरबत टिकलं आणि पपईचा सॉस फुगला तो याच कारणाने. पिकलेल्या पपईचा पीएच ५ च्या वर असतो, हिरव्या मिरचीचाही तसाच. व्हिनेगर किंवा लिंबू हात राखून घातलं, तर सॉसचा पीएच फारसा खाली येत नाही. मग यीस्टला मोकळं रान मिळतं. ती साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि बाटली फुगते.

आपल्याकडचे पदार्थ या पट्टीवर कुठे बसतात?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या स्वयंपाकघरात आणि जंगलात दोन्ही प्रकारचा माल आहे.

आंबट गटात लिंबू, कैरी, चिंच, आवळा आणि आंबाडीची लाल बोंडं येतात. यांचा पीएच साधारण २ ते ३.५ या पट्ट्यात असतो. इथे बेंझोएट पूर्ण ताकदीने काम करतं. संत्री आणि जांभूळ याच्या थोडे वर, साधारण ३.५ ते ४ च्या आसपास असतात. तिथेही ते चांगलं चालतं.

टोमॅटो सीमेवर उभा आहे. जात आणि पिकलेपण यांनुसार त्याचा पीएच ४ ते ४.६ च्या दरम्यान फिरतो. म्हणूनच टोमॅटो सॉसमध्ये व्हिनेगर फक्त चवीसाठी नसतं.

बिनआंबट गटात पपई, केळी, टरबूज, उसाचा रस, हिरवी मिरची, आलं आणि लसूण येतात. यांचा पीएच साधारण ५ किंवा त्याहून जास्त असतो. फक्त या पदार्थांचं वाटण करून त्यात बेंझोएट घालणं म्हणजे बिनकुलपाच्या दाराला राखणदार नेमून त्याला झोपवून ठेवणं. मोहफुलाचंही तसंच. मोहाचा गोड पाक टिकतो तो घट्ट आटवलेल्या साखरेमुळे. तो पातळ ठेवून बेंझोएटच्या भरवशावर सोडला, तर टिकण्याची खात्री नाही.

जिभेवर मात्र विसंबू नये. साखर किंवा गूळ आंबटपणा झाकतो. चिंचगुळाची चटणी गोड लागते, पण तिचा पीएच बराच कमी असतो. उलट तिखटाचा झणका बसला म्हणजे पदार्थ आम्लधर्मी आहे, असंही नाही.

मग पावडर जास्त घातली तर?

पीएच ३ ला जेवढं काम होतं, तेवढंच पीएच ५ ला करून घ्यायचं असेल, तर सुमारे सातपट बेंझोएट लागेल. म्हणजे किलोमागे ४ ग्रॅमच्या पुढे. एवढ्याने पदार्थाला कडवट, जिभेला चरचरणारी चव येते. शिवाय कायद्याची मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

भारतात फळ उत्पादन आदेश, १९५५ आणि नंतर २०११ चे अन्नसुरक्षा नियम यांत ज्या मर्यादा दिल्या गेल्या, त्या अशा: स्क्वॅश आणि सरबतांत ६०० पीपीएम, लोणची आणि चटण्यांत २५०, टोमॅटो व इतर सॉसमध्ये ७५०, जॅममध्ये २००. हे आकडे बेंझोइक आम्लाचे आहेत. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात. त्यामुळे विक्रीसाठी माल करणाऱ्यांनी आपल्या पदार्थासाठी लागू असलेली ताजी मर्यादा एफएसएसएआयच्या नियमावलीत पाहूनच ठरवावी.

इथे एक नेहमीची गफलत होते. मर्यादा आम्लाची असते आणि हातात पावडर असते क्षाराची. एक ग्रॅम सोडियम बेंझोएटमधून सुमारे ०.८५ ग्रॅम बेंझोइक आम्ल मिळतं. म्हणून १०० किलो स्क्वॅशला ६०० पीपीएमच्या हिशोबाने सुमारे ७१ ग्रॅम सोडियम बेंझोएट लागतं. एक किलो लोणच्याला २५० पीपीएमच्या हिशोबाने ०.३ ग्रॅमहूनही कमी. चहाच्या एका चमच्यात काही ग्रॅम पावडर बसते. ‘किलोला एक चमचा’ हा अंदाज त्यामुळे मर्यादेच्या कितीतरी पट पुढे जातो. स्वयंपाकघरातला वजनकाटाही एवढं बारीक वजन धड दाखवत नाही. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा लागतो.

खरा उपाय आहे पीएच खाली आणणं. लिंबाचा रस, व्हिनेगर, चिंच किंवा सायट्रिक आम्ल वाढवलं, की तेच बेंझोएट कितीतरी जास्त काम करतं.

हा धडा जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केचपमधल्या बेंझोएटवरून मोठा वाद झाला. तिथल्या कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी १९०२ पासून स्वयंसेवकांना परिरक्षकं घातलेलं अन्न देऊन चाचण्या केल्या. त्याच काळात हाइन्झ कंपनीने बेंझोएट वगळून केचप बनवायला घेतलं. त्यासाठी तिने चांगले पिकलेले टोमॅटो घेतले आणि व्हिनेगर व साखर वाढवली. आंबटपणा आणि साखर पुरेशी असेल, तर बाटली परिरक्षकाविनाही टिकते, हे त्यातून दिसलं. आपल्या आजीच्या लोणच्याला हे आधीपासून माहीत होतं. कैरीचा आंबटपणा, भरपूर मीठ आणि वर तेलाचा थर. भारतीय नियमांतही मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले, खाद्यतेल ही ‘पहिल्या वर्गातली’ परिरक्षकं मानली गेली आहेत. बेंझोएट दुसऱ्या वर्गात येतं.

आंबट असूनही पदार्थ बिघडतो, तो का?

पीएच बरोबर असूनही बॅच बिघडते, तेव्हा बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादं कारण असतं.

फोडींचा आतला भाग: मिरचीच्या किंवा आल्याच्या फोडी लिंबाच्या रसात घातल्या, की खार लगेच आंबट होतो, पण फोडीच्या आत आंबटपणा मुरायला काही दिवस लागतात. म्हणून फक्त वरच्या खाराचा पीएच मोजून निष्कर्ष काढू नये. मुरलेलं लोणचं फोडींसकट वाटून मोजावं.

तेल: अखंड बेंझोइक आम्ल तेलात मुरतं. तेलकट लोणच्यात त्याचा काही भाग तेलात निघून जातो. जंतू मात्र पाण्याच्या अंशात वाढतात.

मिसळण्याची पद्धत: तीव्र आंबट रसात कोरडी पावडर एकदम टाकली, तर तिचं जागच्या जागी आम्ल होतं आणि कमी विरघळत असल्याने त्याचे कण तळाशी बसतात. पावडर आधी थोड्या पाण्यात विरघळवावी आणि ढवळत ढवळत हळूहळू मिसळावी.

चिवट यीस्ट: काही यीस्ट बेंझोएटला दाद देत नाहीत. झायगोसॅकरोमायसीस बेली ही त्यातली सगळ्यात कुप्रसिद्ध. आंबट, गोड आणि परिरक्षक असलेल्या सरबतातही ती वाढू शकते. तिच्यावर उपाय एकच: स्वच्छ भांडी, नीट उकळलेल्या बाटल्या आणि पदार्थ योग्य तापवून भरणं.

४.६ हा आकडा का लक्षात ठेवायचा?

हा आकडा चवीचा नाही, जिवाचा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हवाबंद, कमी आंबट पदार्थात वाढून अत्यंत घातक विष तयार करू शकतो. पीएच ४.६ किंवा त्याखाली असेल, तर त्याची वाढ रोखली जाते. तेलात बुडवून हवाबंद ठेवलेला कच्चा लसूण हे धोक्याचं ठरलेलं उदाहरण. लसणाचा पीएच ५ च्या बराच वर असतो आणि तेलाखाली हवा पोहोचत नाही. तिथे चिमूटभर बेंझोएट घालून निर्धास्त होणं चुकीचं आहे. असा पदार्थ एकतर पुरेसा आंबट करावा किंवा थोडा करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि लवकर संपवावा. फुगलेला डबा किंवा बाटली चाखून पाहू नये, टाकून द्यावी.

बेंझीनची चर्चा काय आहे?

बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकाच आंबट पेयात असतील, तर विशिष्ट परिस्थितीत अत्यल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं. बेंझीन हे कर्करोगकारक मानलं जातं. उष्णता, प्रकाश आणि लोखंड किंवा तांब्याचे अंश या क्रियेला चालना देतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ ते २००७ या काळात जवळपास २०० पेयं तपासली. त्यातल्या १० पेयांत बेंझीन ५ पीपीबीहून जास्त, म्हणजे तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. त्यानंतर कंपन्यांनी घटक बदलले.

विदर्भासाठी हा मुद्दा दूरचा नाही. आवळा, लिंबू, संत्री यांत क जीवनसत्त्व भरपूर, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधली बाटली चांगलीच तापते. म्हणून फळप्रक्रियेत एक साधा नियम पाळला जातो. लिंबू, संत्री यांसारख्या फिक्या रंगाच्या पेयांना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आणि जांभूळ, डाळिंब, टोमॅटो अशा गडद रंगाच्या पदार्थांना बेंझोएट. मेटाबायसल्फाइटमधून निघणारा सल्फर डायऑक्साइड गडद रंग उडवतो, पण क जीवनसत्त्व टिकवायला मदत करतो. आंबाडीच्या लालभडक सरबताला त्यामुळे बेंझोएटच जवळचं. मात्र सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना त्रास होतो, म्हणून त्याचा उल्लेख लेबलवर असणं महत्त्वाचं.

‘२११ म्हणजे विष’ हा फॉरवर्ड खरा आहे का?

मर्यादेतल्या वापरासाठी नाही. शरीरात गेलेलं बेंझोएट यकृतात ग्लायसीनशी जोडलं जातं, त्याचं हिप्युरिक आम्ल होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. अन्नातील मिश्रकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजची स्वीकारार्ह मात्रा आधी शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली होती. २०२१ मध्ये ती २० मिलिग्रॅमपर्यंत वाढवली.

६०० पीपीएमचा स्क्वॅश एकास तीन पाणी घालून प्यायला, तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे ३० मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल येतं. १५ किलो वजनाच्या मुलासाठी वरची मर्यादा ३०० मिलिग्रॅम होते. म्हणजे एक पेला चिंतेचा विषय नाही. अंदाजपंचे चमचाभर पावडर घातलेला, लेबल नसलेला सॉस मात्र आहे.

२००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण दिलेल्या मुलांत चंचलपणा वाढल्याचं दिसलं होतं. त्यात रंग आणि बेंझोएट एकत्र दिलेले असल्याने दोष एकट्या बेंझोएटवर टाकता येत नाही.

पावात बेंझोएट का नसतं?

कारण पावाचा पीएच ५ च्या वर असतो. तिथे कॅल्शियम प्रोपिओनेट वापरतात. प्रोपिओनिक आम्लाची मधली रेषा ४.९ च्या जवळ आहे. सॉर्बिक आम्लाची ४.८ च्या जवळ, म्हणून कमी आंबट पदार्थांत पोटॅशियम सॉर्बेट बेंझोएटपेक्षा सरस ठरतं. प्रत्येक परिरक्षकाची अशी आपली हद्द असते.

बॅच भरण्याआधी काय तपासावं?

• तयार पदार्थाचा पीएच मोजावा. रंगीत सॉसमध्ये पीएच कागदाचा रंग नीट कळत नाही, छोटं डिजिटल मीटर बरं. ते ४ आणि ७ पीएचच्या द्रावणात आधी जुळवून घ्यावं.
• बेंझोएट वापरणार असाल, तर पीएच ४ च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवावं.
• प्रत्येक बॅचचा पीएच, वजन आणि तारीख वहीत लिहावी. लिंबं दरवेळी सारखी आंबट नसतात.
• खाद्य दर्जाचं बेंझोएटच घ्यावं, काट्यावर मोजावं आणि लेबलवर लिहावं.
• बाटल्या उन्हापासून दूर ठेवाव्यात.

वरोऱ्यात आनंदवनात आनंद निकेतन कृषी महाविद्यालय आहे, तर चंद्रपूर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र सिंदेवाहीला आहे. फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणाची चौकशी अशा संस्थांमध्ये करता येते. तिथे जाताना आपल्या सॉसची एक बाटली सोबत न्यावी आणि पहिला प्रश्न ‘पावडर किती घालू?’ असा न विचारता ‘याचा पीएच किती आहे?’ असा विचारावा.